खेळ विकला, की चेहराही?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या महिन्यातल्या पत्रांमध्ये एकच वाद पुन्हा पुन्हा दिसला. युरोपात नाव कमावलेले फुटबॉलपटू सरकारी तिजोरीवर चालणाऱ्या लीगमध्ये, मुख्यतः सौदी अरेबियात, खेळायला जातात. हे बरोबर की चूक? पत्रं दर्यापूरकडची आहेत तशी देसाईगंजचीही आहेत. काहींनी चार-चार पानं लिहिली आहेत, म्हणून मूळ प्रश्न थोडक्यात देऊन उत्तरं देतो आहोत.

प्रश्न : आमच्या गावात दोन पार्ट्या हाय. एक रोनाल्डोवाल्यायची, एक मेस्सीवाल्यायची. मेस्सीवाले म्हणतात, तुमच्या रोनाल्डोनं पैशासाठी इमान विकलं. एवढा पैसा देते तरी कोण? आन् मंग मेस्सी काय धुतल्या तांदळाचा हाय का? पानठेल्यावर रोज हाच वाद, निकाल काही लागत नाही. (एक वाचक, ता. दर्यापूर)

उत्तर : पैसा कुठून येतो ते आधी पाहू, कारण गाडी तिथेच अडते. सौदी लीगमधले मोठे क्लब पूर्वी तिथल्या क्रीडा मंत्रालयाच्या हाताखाली होते. जून २०२३ मध्ये अल हिलाल, अल नस्र, अल इत्तिहाद आणि अल अहली या चार क्लबांचा प्रत्येकी ७५ टक्के हिस्सा पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंडाकडे गेला आणि २५ टक्के ना-नफा संस्थांकडे राहिला. हा फंड म्हणजे देशाचा गुंतवणूक निधी, आणि त्याचे अध्यक्ष आहेत युवराज मोहम्मद बिन सलमान. म्हणजे मैदानात एकमेकांच्या उरावर बसणारे चार संघ, आणि तेव्हा चौघांचा मोठा मालक एकच झाला.

साध्या क्लबाला तिकिटं, टीव्हीचे हक्क, जाहिराती आणि खेळाडूंची विक्री यांवरच घर चालवावं लागतं. घाटा आला की चांगला खेळाडू विकावा लागतो. तेलाच्या पैशावर चालणाऱ्या क्लबाला ती चिंता नाही. रोनाल्डो अल नस्रला गेला तो डिसेंबर २०२२ च्या शेवटी, वयाच्या ३७व्या वर्षी. मँचेस्टर युनायटेडशी त्याचा करार महिनाभर आधीच तुटला होता. वर्षाला सुमारे २० कोटी युरो असा आकडा जगभर छापून आला. एवढा पैसा केवळ गोल मारण्याचा नसतो. अशा करारात दोन व्यवहार असतात. एक खेळण्याचा : इतकी वर्षं, इतका पगार, इतके सामने. दुसरा चेहऱ्याचा : जाहिराती, देशाच्या पर्यटनाची चित्रफीत, समारंभातली हजेरी, सोशल मीडियावरच्या पोस्ट. वाद घालताना आपण हे दोन्ही एकाच पोत्यात भरतो आणि मग निकाल लागत नाही.

आता मेस्सी. २०२३ च्या उन्हाळ्यात अल हिलालला जाण्याची संधी त्याने सोडली आणि तो अमेरिकेत इंटर मायामीला गेला, हे खरं. पण २०२२ मध्ये तो सौदी पर्यटनाचा पगारी राजदूत झाला होता, हेही तितकंच खरं. मे २०२३ मध्ये परवानगी न घेता सौदीला गेल्याबद्दल त्याच्या क्लबने, पॅरिस सेंट जर्मेनने, त्याला निलंबित केलं होतं. तो क्लबही २०११ पासून कतारच्या सरकारी पैशावर उभा आहे. तेव्हा पानठेल्यावर सांगा की खेळ रोनाल्डोने तिकडे नेला, चेहरा मात्र दोघांनीही दिला.

आमचं मत विचाराल तर खेळ ही मजुरी आहे. ती कुठे करायची हे मजूर ठरवेल. चेहरा देणं ही मजुरी नव्हे. ती साक्ष आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये पत्रकार जमाल खाशोगी यांचा इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात खून झाला. मार्च २०२२ मध्ये एका दिवसात ८१ जणांना देहदंड दिला गेला. अशा बातम्यांवर खेळाच्या चकाकीचा पडदा टाकण्याला ‘स्पोर्ट्सवॉशिंग’ म्हणतात. युवराजांनी स्वतः सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकी वाहिनीला सांगितलं की यामुळे देशाचं उत्पन्न १ टक्क्याने वाढत असेल तर आपण ते करतच राहू. घेणारा चेहरा कशासाठी घेतो हे त्याने लपवलेलं नाही. मग देणाऱ्याला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायला जागा राहत नाही.

प्रश्न : आम्ही कापूस उत्पादक. जिकडे भाव जास्त तिकडे गाडी वळवतो, त्यात पाप काय? खेळाडूचे पाय दहा-बारा वर्षं चालतात, मग कोणी विचारत नाही. त्याने जास्त भावाकडे का जाऊ नये? नैतिकता फक्त गरिबाच्या पोरानेच पाळायची का? (एक शेतकरी वाचक, ता. वणी)

उत्तर : तुमचा प्रश्न या साऱ्या पत्रांतला सर्वांत वजनदार आहे, म्हणून जरा सविस्तर.

विकणाऱ्याचा हक्क आम्हाला पूर्ण मान्य आहे. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. कापूस घालायचा तो सरकारी केंद्रावरच, राज्याबाहेर न्यायचा नाही. शेजारच्या राज्यात भाव चढला की गाड्या रातोरात सीमेपलीकडे जायच्या, आणि त्या शेतकऱ्यांना गावाने कधी गद्दार म्हटलं नाही. खेळाडूलाही म्हणू नये. बहुतेक व्यावसायिक खेळाडू तिशीच्या मध्यावर थांबतात, गुडघा गेला तर त्याआधीच. सौदीत पगारावर वैयक्तिक आयकर नाही, त्यामुळे हातात पडणारी रक्कम युरोपातल्या तेवढ्याच पगारापेक्षा कितीतरी जास्त असते. सेनेगल किंवा कोलंबियातल्या गरीब घरातून आलेल्या मुलाने हा हिशेब केला तर त्याच्याकडे बोट दाखवायला आपण कोण?

पण कापसाची उपमा तीन ठिकाणी तुटते, आणि तिथेच खरा वाद आहे.

पहिलं ठिकाण घेणाऱ्याचं. जिनिंगवाला जास्त भाव देतो तेव्हा त्याला रुईच्या गाठी आणि सरकी विकून तो पैसा परत काढायचा असतो. त्याच्या भावाला कुठेतरी छत असतं. ज्याला घाटा झाला तरी चालतो, त्याच्या भावाला छत नसतं. २०२३ मध्ये सव्वीस वर्षांचा रुबेन नेव्हेस इंग्लंडच्या वुल्व्ह्जमधून सुमारे ४.७ कोटी पौंडांना अल हिलालला गेला. त्याच उन्हाळ्यात एकवीस वर्षांचा गाब्री वेगा स्पेनच्या सेल्टा विगोमधून अल अहलीला गेला. जानेवारी २०२५ मध्ये एकवीस वर्षांच्याच जॉन दुरानला अल नस्रने उचललं. उतरत्या वयाचे खेळाडू शेवटचा पगार कमवायला जातात ही जुनी रीत होती. शिकण्याच्या वयातले जाऊ लागले तेव्हा युरोपातल्या मधल्या फळीच्या क्लबांची घडीच विस्कटू लागली. असा क्लब तीस-चाळीस हजार प्रेक्षकांच्या तिकिटांतून उभा असतो. त्याच्यापुढे दोन्ही वाटा कठीण असतात : विकावं तर संघ मोडतो, न विकावं तर दोन वर्षांनी करार संपून खेळाडू फुकट जातो.

दुसरं ठिकाण नळाचं. पैसा धोरणातून येत असेल तर धोरण बदलताच नळ बंद होतो. चीनमध्ये हे डोळ्यांसमोर घडलं. २०१७ च्या सुरुवातीला ब्राझीलचा खेळाडू ऑस्कर इंग्लंडचा चेल्सी क्लब सोडून सुमारे ६ कोटी पौंडांना शांघायला गेला. त्याच वर्षी तिथे परदेशी खेळाडूच्या मोठ्या खरेदीवर तितकीच रक्कम वेगळी भरण्याचा नियम आला, म्हणजे शंभराचा खेळाडू दोनशेला. पुढे पगारावर मर्यादा आल्या. २०२० चा विजेता जिआंग्सू क्लब फेब्रुवारी २०२१ मध्ये, विजेतेपदाला चार महिनेही झाले नसताना, बंद पडला. आठ वेळा लीग जिंकलेला ग्वांगझू जानेवारी २०२५ मध्ये मोडीत निघाला. तिथला पैसा घरबांधणी आणि किरकोळ विक्रीच्या कंपन्यांचा होता, पण तो वाहत होता सरकारच्या मर्जीने.

सौदीत अजून असं झालेलं नाही, तरी खेळाडू पेचात पडण्याची उदाहरणं आहेत. पोर्तुगालच्या जोटाला अल इत्तिहादने जुलै २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिककडून सुमारे २.५ कोटी पौंडांना घेतलं. तेव्हा प्रत्येक संघाला ८ परदेशी खेळाडूंची मर्यादा होती. त्यानंतर आणखी मोठी नावं आली आणि जोटाचं नाव लीगच्या यादीतून गळलं. पगार चालू, खेळ बंद. चोविशीतल्या खेळाडूला हा फार महाग सौदा आहे, कारण त्या वयात न खेळलेला हंगाम पगाराने भरून निघत नाही. ब्राझीलच्या नेमारचंही पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे ९ कोटी युरोंना अल हिलालने घेतलं, ऑक्टोबरमध्ये देशाकडून खेळताना गुडघ्याचा स्नायुबंध फाटला, आणि जानेवारी २०२५ मध्ये करार संपला तेव्हा अल हिलालकडून त्याचे सामने झाले होते अवघे सात.

तिसरं आणि शेवटचं, कापसाला तोंड नसतं. ग्रेडर मूठभर कापूस घेतो, दोन्ही चिमटीत ओढून धाग्याची लांबी पाहतो, ओलावा मोजतो. ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतो, १२ च्या वर गेला की गाडी परत. कापूस घेणाऱ्याची स्तुती करत नाही. खेळाडूला ती करावी लागते, म्हणून तुमची आणि त्याची तुलना पगारापुरतीच खरी धरा.

प्रश्न : आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल आहे. एखादा पोरगा मोठा होऊन कोट्यवधींना विकला गेला तर ज्या क्लबाने त्याला बारा वर्षांचा असताना बूट दिले, त्याला काही मिळतं का? आणि तो पैसा अशा सरकारी क्लबाचा असेल तर घ्यावा का? (एक प्रशिक्षक, ता. कामठी)

उत्तर : मिळतं, पण कागद असतील तरच. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, नियमात याला एकता निधी म्हणतात. करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की किमतीचे ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. वयाच्या १२, १३, १४ आणि १५व्या वाढदिवसाच्या हंगामांना किमतीचा प्रत्येकी पाव टक्का, आणि १६ ते २३ या आठ हंगामांना प्रत्येकी अर्धा टक्का. चार पाव म्हणजे एक, आठ अर्धे म्हणजे चार. बेरीज पाच.

रुपयांत मांडू. समजा किंमत १ कोटी. मुलगा तुमच्याकडे १२व्या वर्षापासून १७व्या वर्षापर्यंत नोंदलेला होता. पहिल्या चार हंगामांचे २५,००० प्रमाणे १ लाख, पुढच्या दोन हंगामांचे ५०,००० प्रमाणे १ लाख, एकूण २ लाख. एका हंगामाचा काहीच भाग तुमच्याकडे होता तर तेवढ्याच महिन्यांचं मिळतं. २०१७ मध्ये नेमार बार्सिलोनातून २२.२ कोटी युरोंना पॅरिसला गेला तेव्हा ब्राझीलच्या सान्तोस क्लबाचा वाटा याच हिशेबाने सुमारे ४ टक्के भरला. करार संपलेला खेळाडू फुकट गेला तर या निधीतून काहीच मिळत नाही. २०२३ मध्ये बेन्झेमा आणि कान्ते अल इत्तिहादला असेच गेले.

चुकतं कुठे? नोंदणीत. विदर्भाच्या क्रिकेटला स्वतःची संघटना आहे, पण फुटबॉल जिल्हा संघटनेमार्फत वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनखाली येतो आणि तिथून अखिल भारतीय महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत. त्या नोंदीत मुलगा तुमच्या क्लबाच्या नावावर नसेल तर वर्तमानपत्राची कात्रणं आणि चषकाचे फोटो कामाचे नाहीत. दाखल्यावरची जन्मतारीख एक आणि आधारवर दुसरी, हा नेहमीचा घोळ. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसऱ्या ठिकाणी आद्याक्षर. एका स्पर्धेपुरता शेजारच्या क्लबाकडून खेळवला आणि नोंद तिकडेच राहून गेली. क्लब स्वतः नोंदणीकृत नाही, किंवा त्याचं बँक खातं अध्यक्षांच्या वैयक्तिक नावावर आहे. नोव्हेंबर २०२२ पासून हा पैसा फिफाच्या पॅरिसमधल्या क्लिअरिंग हाउसमार्फत जातो. खेळाडूच्या इलेक्ट्रॉनिक पासपोर्टात, म्हणजे तो कधी कुठल्या क्लबात नोंदलेला होता त्या नोंदीत, ज्या क्लबांची नावं दिसतात त्यांनाच रक्कम मिळते, आणि पासपोर्टावर हरकत घ्यायची मुदत फार थोडी असते. तेव्हा दरवर्षी जूनमध्ये, शाळा उघडतात त्याच आठवड्यात, प्रत्येक मुलाची नोंद उघडून पाहा आणि तिची प्रत फाईलला लावा. पहिला व्यावसायिक करार झाल्यावर मिळणारी प्रशिक्षण भरपाई वेगळी असते, तिलाही हेच कागद लागतात.

घ्यावा का? जरूर घ्या. तो तुमच्या सहा वर्षांच्या संध्याकाळींचा मोबदला आहे. त्याच्या बदल्यात कोणी तुमच्याकडून पोस्टर मागत नाही. मागितलं तर देऊ नका.

प्रश्न : मी शाळेत मुलींचा संघ चालवते. मुली विचारतात, जिथे बायकांना मोकळेपणी बोलता येत नाही तिथे खेळणाऱ्यांना आम्ही आदर्श मानायचं का? मला नीट उत्तर देता आलं नाही. (एक शिक्षिका, ता. सिंदेवाही)

उत्तर : मुलींना दोन्ही बाजू तारखांसकट सांगा. एक बाजू लपवलीत तर दुसरीवरचा त्यांचा विश्वास उडेल.

सौदी अरेबियात जानेवारी २०१८ मध्ये स्त्रिया पहिल्यांदा फुटबॉल सामना पाहायला मैदानात गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांना गाडी चालवायची परवानगी मिळाली. २०२२ पासून मुलींची प्रीमियर लीग चालू आहे. तिथल्या एखाद्या मुलीसाठी हे खरोखरच मोठं आहे. पण गाडी चालवण्याच्या हक्कासाठी लढणाऱ्या लुजैन अल हथलूल यांना परवानगी येण्याच्या महिनाभर आधी, मे २०१८ मध्ये, अटक झाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या सुटल्या. हक्क आला, पण मागणारी तुरुंगात गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराहून अधिक व्यावसायिक महिला फुटबॉलपटूंनी फिफाला उघड पत्र लिहून सौदीच्या सरकारी तेल कंपनीचं, आरामकोचं, प्रायोजकत्व सोडण्याची मागणी केली. पुरुष खेळाडूंपेक्षा कितीतरी कमी कमावणाऱ्या खेळाडूंनी ही जोखीम घेतली. आदर्श शोधायचा तर मुलींना त्या पत्रावरची नावं दाखवा.

जॉर्डन हेंडरसनचं उदाहरणही वर्गात घ्या. लिव्हरपूलचा कर्णधार असताना तो समलिंगी प्रेक्षकांच्या बाजूने जाहीरपणे उभा राहिला होता. बुटांच्या सप्तरंगी नाड्या, सप्तरंगी दंडपट्टी, मुलाखती. जुलै २०२३ मध्ये तो समलैंगिकता गुन्हा असलेल्या देशात, अल इत्तिफाक क्लबात गेला. ज्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला होता ते दुखावले, आणि त्यांचं दुखणं योग्य होतं. सहा महिन्यांत, जानेवारी २०२४ मध्ये, तो नेदरलँड्सच्या आयाक्सला निघून आला. ज्याने कधी काही म्हटलंच नाही त्याच्यापेक्षा ज्याने शब्द दिला होता त्याची जबाबदारी मोठी. मुलींना हा फरक लगेच कळेल, कारण वर्गातही तसंच असतं.

प्रश्न : सौदीलाच का धरता? इंग्लंडचे क्लबही सरकारांचेच आहेत. आणि आपल्याकडे सेनादल, रेल्वे, ओडिशा सरकार खेळावर पैसा लावतात ते चालतं? (एक वाचक, ता. आर्वी)

उत्तर : बरोबर बोललात. मँचेस्टर सिटी २००८ पासून अबुधाबीच्या राजघराण्यातल्या शेख मन्सूर यांच्याकडे आहे. न्यूकॅसलचे ८० टक्के ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच सौदी फंडाने घेतले. सौदी लीगवर टीका करायची आणि शनिवारी रात्री यांच्यासाठी गळा काढायचा, हे जुळत नाही.

सरकारी पैसा म्हणून तो वाईट ठरत नाही. सेनादलाचा किंवा रेल्वेचा खेळाडू नोकरीवर असतो. जागा जाहीर होते, पगाराची श्रेणी ठरलेली असते, खर्चाचं लेखापरीक्षण होतं. ओडिशा २०१८ पासून हॉकीचं प्रायोजकत्व करतं, आणि त्या खर्चावर विधानसभेत प्रश्न विचारता येतो. तुम्ही स्वतः १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाकू शकता. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. हिशेब विचारणारा माणूस सुरक्षित घरी येतो का, एवढं पाहा. रियाधच्या किंवा दोहाच्या तिजोरीला असा अर्ज कोण टाकणार?

प्रश्न : सामने पाहणं बंद करावं का? (एक वाचक, ता. पुसद)

उत्तर : नको. नोव्हेंबर २०२३ मध्ये अल हिलाल नवी मुंबईत मुंबई सिटीविरुद्ध खेळला आणि २–० जिंकला. त्या संघात शिकण्यासारखं पुष्कळ होतं. खेळ पाहा, अधिकृत जर्सीवर पैसे घालायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पर्यटनाच्या चित्रफिती पुढे पाठवणं मात्र थांबवा, कारण ते काम तुम्ही फुकट करता.

प्रश्न : आमच्या गावचा एक पोरगा, वय १७, छान खेळतो. एक जण म्हणतो आखातात क्लबात लावून देतो, ट्रायलचे दोन लाख भरा. घरचे शेत गहाण टाकायला निघाले आहेत. (एक वाचक, देसाईगंज)

उत्तर : शेत गहाण टाकू नका. हे उत्तर पुरं वाचेपर्यंत कुणाला एक रुपयाही देऊ नका.

१८ वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात नोंदणी करायला फिफाची बंदी आहे. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे राहायला गेले, असे मोजके अपवाद आहेत. तुमच्या मुलाला ते लागू नाहीत. म्हणजे आज त्याला कोणताही खरा क्लब नोंदवू शकत नाही. दहा वर्षांवरच्या प्रत्येक खेळाडूला देश बदलताना एका महासंघाकडून दुसऱ्याकडे आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र जावं लागतं. ते आपला महासंघ आणि तिकडचा महासंघ आपसांत करतात, एजंटाच्या पाकिटातून ते येत नाही.

१८ पूर्ण झाल्यावर काय पाहायचं? एजंटाकडे फिफाचा परवाना आहे का ते फिफाच्या जाहीर यादीत नाव घालून तपासा. परवानाधारक एजंट कमाईतून टक्का घेतो, ट्रायलची आगाऊ फी मागणारा बहुतेकदा पैसे घेऊन गायब होतो. भेटीच्या व्हिसावर नेतो म्हणाला तर तिथेच थांबा. त्या व्हिसावर पगार घेणं बेकायदा असतं आणि पकडला जातो तो मुलगा, एजंट नव्हे. दहावी पास नसेल तर त्याच्या पासपोर्टवर परदेश नोकरीसाठी सरकारी मंजुरीची अट असते आणि आखाती देशांना ती लागू आहे. नोकरीसाठी नेणाऱ्या नोंदणीकृत भरती एजंटाला कायद्याने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. दोन लाखांचा आकडाच खोटेपणा सांगतो.

करारात क्लबाचा शिक्का, महिन्याचा पगार, तो कोणत्या तारखेला, राहणं, परतीचं तिकीट, दुखापतीचा विमा आणि तंट्याचा निवाडा कुठे, एवढं लिहिलेलं हवं. मुदत पाच वर्षांपेक्षा जास्त नको. दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडूने लेखी नोटीस देऊन १५ दिवसांची मुदत द्यायची, तरी पैसे आले नाहीत तर करार सोडता येतो. फिफाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत. प्रत्येक पानाचा फोटो गावाकडच्या भावाच्या मोबाइलवर ठेवा.

आणि पासपोर्ट कोणाच्या हाती देऊ नका. झाहिर बेलूनिस हा फ्रेंच-अल्जेरियन खेळाडू थकलेल्या पगारावरून क्लबशी भांडण झाल्यामुळे कतारमध्ये अडकला. देश सोडायला क्लबाची परवानगी लागत होती आणि ती मिळत नव्हती. नोव्हेंबर २०१३ मध्ये तो सुटला. त्याच्यामागे खेळाडूंची संघटना आणि फ्रान्सची वर्तमानपत्रं होती. आपल्या पोरामागे कोण असेल याचा विचार घरच्यांसोबत बसून करा.

प्रश्न : रेतीघाटाचा ठेकेदार आमच्या स्पर्धेचं पहिलं बक्षीस द्यायला तयार आहे. अट एवढीच की कमानीवर आणि जर्सीवर त्याचा फोटो हवा. सौदीवर टीका करणाऱ्या आमच्या मंडळाने हा पैसा घ्यावा का? (फुटबॉल मंडळाचे कार्यकर्ते, जि. भंडारा)

उत्तर : हा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारलात याचा फार आनंद झाला. पैसा घेण्याला आमची हरकत नाही, अटीला आहे. मंडळाची सभा बोलवा आणि ठराव लिहून घ्या. रक्कम मंडळाच्या खात्यावर, पावती क्रमांकासह, आणि स्पर्धा संपल्यावर आठ दिवसांत जमाखर्चाचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर. देणगीदाराचं नाव माहितीपत्रकात इतर देणगीदारांच्या यादीत, त्याच आकाराच्या अक्षरात. संघांच्या चिठ्ठ्या काढणं, पंच ठरवणं आणि बक्षीस कोणाच्या हस्ते द्यायचं, यात त्याला मत नाही. तो स्वतःचा संघ उतरवणार असेल तर त्याच्या संघाच्या सामन्याला पंच दुसऱ्या तालुक्याचा.

फोटो का नको, तेही सभेत सांगा. उद्या रेतीच्या ट्रकांनी गावचा रस्ता खचला आणि ग्रामसभेत विषय निघाला, तर छातीवर त्याचा चेहरा घेऊन खेळलेला पोरगा उठून बोलेल का? अट मागे घेत नसेल तर बक्षीस लहान करा. ३१,००० चं ११,००० झालं तरी संघ येतात, नदीपलीकडचेही येतात. त्यांना मैदान सपाट, रेषा चुन्याच्या आणि पंच वेळेवर हवा असतो. जर्सीवर पुढे गावाचं नाव घ्या, मागे आकडा.